साधनवर्णन, संगणकीय एजंटांसाठी

भाषा-प्रतिमानाच्या आधारे काम करणाऱ्या संगणकीय एजंटाला एखादे साधन कशासाठी आहे, ते केव्हा वापरावे, त्यास कोणती माहिती पुरवावी आणि त्याच्याकडून काय परत मिळेल, हे सांगण्यासाठी त्या साधनास जोडलेला मजकूर. येथे साधन म्हणजे हाताळण्याची वस्तू नसून सॉफ्टवेअरमधील एखादी ठरावीक क्रिया होय, उदा., ग्रंथसूचीत शोध घेणे, फाईलमध्ये मजकूर लिहिणे, ई-मेल पाठविणे, रक्कम वळती करणे, तिकीट रद्द करणे इत्यादी. अशा क्रिया संगणकावर पूर्वीपासून होत आल्या आहेत. परंतु त्या केव्हा कराव्यात हे माणूस तरी ठरवीत असे किंवा माणसाने आधीच लिहून ठेवलेली आज्ञावली तरी ठरवीत असे. एजंटाच्या बाबतीत हा निर्णय प्रतिमान घेते आणि तो घेताना साधनाची अंतर्गत रचना सामान्यतः त्याच्यासमोर नसते. असते ते केवळ वर्णन. त्यामुळे चार-सहा वाक्यांचा हा मजकूर व्यवहारतः साधनाच्या वर्तनाचाच एक भाग बनतो. [⟶ कृत्रिम बुद्धिमत्ता].

पूर्वपीठिका : आज्ञावलींची वर्णने लिहिण्याची परंपरा संगणकविद्येत जुनी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विकसित झालेल्या युनिक्स या प्रणालीची पहिली संदर्भपुस्तिका केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी ३ नोव्हेंबर १९७१ रोजी सिद्ध केली. तीत प्रत्येक आज्ञेची नोंद नाव, लेखनरूप, वर्णन, संबंधित फाईली, निदान व दोष अशा ठरावीक सदरांखाली दिलेली होती. यांतील ‘दोष’ हे सदर विशेष लक्षणीय आहे. आपल्या आज्ञेला काय जमत नाही हे तिच्या कर्त्याने आपणहून लिहून ठेवावे, हा प्रामाणिकपणा पुढील काळातील अनेक पुस्तिकांत राहिला नाही. १९७२ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी सॉफ्टवेअरच्या घटकांचे विनिर्देश कसे लिहावेत याविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. घटक अचूकपणे वापरण्यासाठी उपयोजकाला लागणारी सर्व माहिती विनिर्देशात असावी आणि तिच्यापलीकडचे काहीही नसावे, अशी त्यांची भूमिका होती. आज एजंटांसाठी लिहिल्या जाणाऱ्या वर्णनांनाही हीच कसोटी लागू पडते.

भाषा-प्रतिमानांना बाह्य साधने जोडण्याचे जे आरंभीचे प्रयोग झाले, त्यांत ओपनएआय या संस्थेचा वेबजीपीटी (डिसेंबर २०२१) आणि मेटा कंपनीच्या संशोधकांचा टूलफॉर्मर (फेब्रुवारी २०२३) हे प्रमुख होत. पहिल्यात प्रतिमानाला आंतरजालावर शोध घेऊन उत्तरे देण्यास शिकविले होते. दुसऱ्यात गणनयंत्र, दिनदर्शिका, भाषांतर इ. साधनांना केव्हा पाचारण करावे हे प्रतिमान प्रशिक्षणातून शिकत असे. या दोन्ही प्रयोगांत साधने आधीच ठरलेली होती. जून २०२३ मध्ये ओपनएआयने आपल्या प्रतिमानांना ‘फंक्शन कॉलिंग’ची सोय दिली, तेव्हा चित्र पालटले. पूर्वी कधीही न पाहिलेले साधन केवळ त्याचे वर्णन वाचून वापरणे प्रतिमानाला शक्य झाले आणि वर्णनलेखनास खरे महत्त्व आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा खुला संकेत जाहीर केला. त्यायोगे एकाने लिहिलेले साधन दुसऱ्याच्या एजंटाला जोडता येऊ लागले. म्हणजेच वर्णन लिहिणारा आणि ते वाचणाऱ्या एजंटाचा चालक यांची परस्परांशी ओळख असण्याची गरज उरली नाही.

कार्यपद्धती : साधनाची व्याख्या साधारणतः तीन अंगांची असते : नाव, गद्य वर्णन आणि प्रचलांचा आकृतिबंध. प्रचल म्हणजे साधनास पुरवावयाच्या माहितीचे एकेक घर. त्यात संख्या यावी की मजकूर, ते भरणे आवश्यक आहे की ऐच्छिक, कोणती मूल्ये चालतील, हे आकृतिबंध सांगतो. तो बहुधा जेसन या मांडणीत लिहिलेला असतो. ही सर्व सामग्री संभाषणाच्या आरंभीच प्रतिमानापुढे ठेवली जाते. साधनाची गरज भासल्यास प्रतिमान त्याचे नाव व प्रचलांची मूल्ये एका ठरावीक रूपात लिहून देते. क्रिया प्रत्यक्ष घडवून आणते ती एजंटाला चालविणारी आज्ञावली. तिचे फलित पुन्हा मजकुराच्या रूपाने प्रतिमानाकडे येते आणि त्यावरून पुढील पाऊल ठरते. प्रतिमान स्वतः काहीही ‘करीत’ नाही. ते केवळ मागणी लिहिते. ही मागणी चुकीची निघाली, तर दोष कोणाचा हा प्रश्न पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल.

समजा, एखाद्या प्रवासी-आरक्षण व्यवस्थेने ‘रद्द’ या नावाचे साधन एजंटाला दिले असून त्याचे वर्णन ‘आरक्षण रद्द करते’ एवढेच आहे. त्यास ‘क्रमांक’ आणि ‘यादी’ असे दोन प्रचल असून त्यांपैकी दुसरा ऐच्छिक आहे. साधन रचणाऱ्याच्या मनात यादी म्हणजे ज्या प्रवाशांची आसने रद्द करावयाची त्यांची नावे. ती रिकामी ठेवल्यास तिकिटावरील सर्वांचीच आसने रद्द होतात. हे त्याच्या मनात आहे, वर्णनात नाही. आता चौघांच्या कुटुंबातील एकाने ‘आजी येणार नाही, तेवढं तिकिटाचं बघा’ असे एजंटाला सांगितले, तर एजंट आरक्षणाचा क्रमांक पुरवून ऐच्छिक यादी मोकळी सोडण्याचा संभव पुष्कळ आहे, आणि मग ऐन सुटीच्या हंगामात चौघांचीही आसने जातील. साधनाने आपले काम चोख केले. प्रतिमानानेही, त्याला जेवढे ठाऊक होते त्या मानाने, अवाजवी असे काही केले नाही. दोष वर्णनाचा आहे. तेच वर्णन पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

‘एका तिकिटावरील निवडक प्रवाशांची आसने कायमची रद्द करते. ही क्रिया मागे घेता येत नाही. प्रवासाची तारीख किंवा गाडी बदलावयाची असल्यास हे साधन वापरू नये. त्यासाठी “प्रवास_बदल” हे साधन आहे. “पीएनआर” : तिकिटावरील दहा अंकी क्रमांक. “रद्द_करावयाचे_प्रवासी” : “तिकीट_तपशील” या साधनाने दिलेले प्रवासी-क्रमांक, निदान एक आवश्यक, यादी रिकामी असल्यास साधन नकार देते. परताव्याची रक्कम रुपयांत मिळते. क्रिया करण्यापूर्वी प्रवाशांची नावे व परतावा दाखवून उपयोजकाची संमती घ्यावी.’

या मजकुरात अलंकारिक असे काही नाही. आरक्षण-खिडकीवर नव्याने बसलेल्या कारकुनाला वरिष्ठाने पहिल्या दिवशी जे सांगितले असते, तेवढेच त्यात आहे. तथापि एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. यादी आवश्यक करणे आणि ती रिकामी असल्यास नकार देणे, हा बदल वर्णनापुरता नसून साधनातच केलेला आहे. ‘यादी रिकामी ठेवू नका, अन्यथा सर्व आसने रद्द होतील’ अशी ताकीद लिहूनही काम बहुधा भागले असते. परंतु ज्या चुकीस ताकिदीची गरज पडते, ती चूक करणेच अशक्य करून ठेवावे हे अधिक श्रेयस्कर. जपानमधील शिगेओ शिंगो यांनी कारखान्यांच्या संदर्भात हा विचार ‘पोका-योके’ या नावाने १९६० नंतरच्या दशकात मांडला होता. त्याचा प्रत्यय एजंटांच्या क्षेत्रातही आला आहे. अँथ्रॉपिकच्या अभियंत्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये नमूद केल्याप्रमाणे, आज्ञावलींतील दोष दुरुस्त करणारा त्यांचा एजंट मूळ निर्देशिकेतून बाहेर पडल्यावर फाईलींचे सापेक्ष मार्ग चुकवीत असे. साधनाने केवळ पूर्ण मार्गच स्वीकारावा असा बदल करताच या चुका थांबल्या. एकंदर सूचनापत्रापेक्षा साधनांच्या सुधारणेवर आपला अधिक वेळ खर्च झाला, अशी कबुलीही त्यांनी दिली आहे.

नावे व सीमा : साधन एकटे असेल तेव्हा त्याचे अपुरे वर्णनही निभावून जाते. अडचण येते ती साधने अनेक असतात तेव्हा. ‘शोध’, ‘माहिती_शोधा’ आणि ‘नोंदी_मिळवा’ अशी तीन साधने शेजारीशेजारी असून प्रत्येकाचे वर्णन ‘माहिती शोधून देते’ असे असेल, तर प्रतिमानाची निवड जवळजवळ यदृच्छेवर राहते. म्हणून चांगल्या वर्णनात साधन काय करते याइतकेच ते काय करीत नाही आणि त्याची हद्द कोठे संपते, हेही सांगितलेले असते. शब्दकोशकाराला जवळच्या अर्थाच्या दोन शब्दांतील भेद दाखविताना जे कष्ट पडतात, त्याच जातीचे हे काम आहे. दोन साधनांतील भेद दोन वाक्यांत सांगता येत नसेल, तर ती साधने एकत्र करावीत हे उत्तम. प्रचलांची नावेही बोलकी असावीत : ‘उपयोजक’ म्हटल्यास नाव अभिप्रेत आहे की क्रमांक हे कळत नाही, ‘उपयोजक_क्रमांक’ म्हटल्यास कळते.

एकके, तारखा व स्थळे : वर्णनात गृहीत धरून सोडून दिल्या जाणाऱ्या बाबींत एकके पहिली येतात. ११ डिसेंबर १९९८ रोजी सोडलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे अमेरिकी अवकाशयान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी नष्ट झाले. त्याच्या प्रणोदकांच्या आवेगाचे आकडे एक आज्ञावली पाउंड-बल सेकंदांत देत होती व दुसरी ते न्यूटन सेकंदांत आहेत असे धरून चालत होती. दोहोंतील गुणोत्तर सु. ४·४५ आहे. हे उदाहरण एककांच्या घोटाळ्याचे म्हणून नेहमी दिले जाते; परंतु त्यातील एक तपशील बहुधा सांगितला जात नाही. दोन आज्ञावलींमधील देवघेवीचा लेखी विनिर्देश मेट्रिक एककेच मागत होता. म्हणजे वर्णन बरोबर होते, साधन त्याप्रमाणे वागत नव्हते. वर्णन नसणे वाईट. पण वर्तनाशी न जुळणारे वर्णन त्याहून घातक, कारण ते वाचणारा निःशंक असतो. साधनात बदल करणाऱ्याने वर्णनही त्याच बैठकीत बदलावे, हा नियम यातूनच निघतो.

तारखांची गोष्ट अशीच आहे. ०३/०४/२०२५ ही तारीख भारतात ३ एप्रिल आणि अमेरिकेत ४ मार्च अशी वाचली जाते. यावर आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकातील वर्ष-महिना-दिवस हा क्रम वर्णनात स्पष्टपणे मागणे, हा उपाय सर्वमान्य आहे. मराठीत बोलणाऱ्या उपयोजकांच्या संदर्भात याची निकड अधिक आहे. ‘परवा’ हा शब्द मागील व पुढील अशा दोन्ही दिवसांना लागू पडतो आणि त्याचा अर्थ क्रियापदावरून ठरतो. म्हणून ‘परवाचं तिकीट’ एवढ्यावरून एजंटाने तारीख ठरविणे धोक्याचे आहे. ‘संदिग्ध दिवस असल्यास उपयोजकाला विचारावे’ हे वाक्य अशा साधनाच्या वर्णनात असणे अगत्याचे ठरते. ‘दीड लाख’, ‘अडीचशे’, ‘पावणेआठ’ यांचे पूर्ण संख्येत वा चोवीस तासांच्या वेळेत रूपांतर करून द्यावे, हेही लिहावे लागते. शिवाय जेसनच्या नियमांनुसार संख्येच्या घरात केवळ आंतरराष्ट्रीय अंकचिन्हेच चालतात. देवनागरी अंक तेथे टाकल्यास सगळी मागणीच अवैध ठरते. स्थळनामांचे एक परिचित उदाहरण म्हणजे मुंबईतील दादर. मध्य रेल्वेचे दादर आणि पश्चिम रेल्वेचे दादर ही वेगळी स्थानके असून त्यांचे संकेत अनुक्रमे ‘डीआर’ व ‘डीडीआर’ असे आहेत. प्रचलाने स्थानकाचे नाव मागण्याऐवजी संकेत मागितला आणि तो कोणत्या साधनाने शोधावा हे सांगितले, तर गफलतीस फारसा वाव उरत नाही.

विस्तार : वर्णन किती लांब असावे याविषयी एकवाक्यता नाही. माणूस पुस्तिका एकदा वाचून बाजूस ठेवतो. प्रतिमानापुढे मात्र सर्व साधनांची वर्णने प्रत्येक वेळी नव्याने मांडली जातात आणि त्यांचा भार त्याच्या मर्यादित संदर्भावकाशावर पडतो. साधने शेकड्यांनी जोडली गेली की मूळ कामासाठी जागा कमी पडू लागते आणि निवडही बिघडते. साधनांची केवळ नावे वा थोडक्यात ओळख आधी देऊन पूर्ण वर्णन गरजेनुसार शोधून आणण्याची पद्धती २०२५ मध्ये याच कारणाने पुढे आली. तरीही काटकसरीच्या भरात नेमके वाक्य गाळले जाण्याचा धोका मोठा असतो. ‘हे अत्यंत उपयुक्त व सक्षम साधन आहे’ यासारखी वाक्ये बिनदिक्कत काढावीत. ‘परिणाम जास्तीत जास्त ५० मिळतात, अधिक हवे असल्यास शोध संकुचित करावा’ हे वाक्य काढू नये.

नको त्या वाक्यांचे परिणाम कधीकधी विचित्र असतात, तसेच हव्या त्या वाक्याच्या अभावाचेही. अँथ्रॉपिकच्या आंतरजाल-शोधाच्या साधनाबाबत असे आढळले, की प्रतिमान शोधवाक्यापुढे गरज नसताना ‘२०२५’ हा आकडा जोडीत असे आणि त्यामुळे शोधाचे फलित बिघडत असे. वर्णनातील सुधारणेने ही खोड गेली, असे कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये नमूद केले आहे.

फलित व त्रुटिसंदेश : साधनाकडून परत येणारा मजकूर हा वर्णनाचाच उत्तरार्ध समजला पाहिजे. ‘त्रुटी ४२२’ एवढेच उत्तर आले तर एजंट तीच मागणी पुन्हा पुन्हा करीत राहतो. ‘पीएनआर दहा अंकी हवा, नऊ अंक मिळाले’ असे आले तर तो उपयोजकाकडे वळून क्रमांक पुन्हा विचारतो. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला एसडब्ल्यूई-एजंट हा प्रकल्प या दृष्टीने महत्त्वाचा आहे. माणसांसाठी केलेल्या आज्ञा प्रतिमानाला जशाच्या तशा देण्याऐवजी त्यांनी त्याच्यासाठी निराळ्या, थोड्या आज्ञा रचल्या : फाईल एका वेळी १०० ओळींपुरतीच दाखविली जाई, शोधाची फलिते फार झाल्यास नेमका शोध घेण्याची सूचना मिळे, आणि संपादनाने आज्ञावलीचे व्याकरण मोडत असल्यास ते संपादन न स्वीकारता चूक दाखवून दिली जाई. प्रतिमान तेच ठेवून केवळ मांडणी बदलल्याने एजंटाच्या यशाचे प्रमाण वाढते, हे या प्रकल्पाने दाखविले.

परीक्षण : वर्णन स्पष्ट आहे की नाही हे त्याच्या लेखकाला ठरविता येत नाही, कारण त्याला साधन आधीच ठाऊक असते. म्हणून खऱ्या व्यवहारातील विनंत्यांचा एक संच करून एजंटाला त्या सोडवावयास देणे आणि तो कोठे अडखळतो याच्या नोंदी वाचणे, ही रीत रूढ झाली आहे. नोंदींत चुकीच्या साधनाची निवड दिसली तर सीमा अस्पष्ट आहेत असे समजावे. साधन बरोबर पण मूल्ये चुकीची असतील तर प्रचलांचे वर्णन तपासावे. संचात ज्या विनंत्यांना साधन वापरूच नये अशाही काही असाव्यात. या शेवटच्या सूचनेकडे प्रायः दुर्लक्ष होते आणि मग प्रत्येक प्रश्नाला साधनाचा बडगा उगारणारे एजंट तयार होतात.

सुरक्षितता : प्रतिमान वर्णनाला सूचना मानते, यातच एक गंभीर धोका दडलेला आहे. ‘इनव्हेरियंट लॅब्स’ या संस्थेने एप्रिल २०२५ मध्ये याचे प्रात्यक्षिक दाखविले. दोन संख्यांची बेरीज करणाऱ्या एका निरुपद्रवी साधनाच्या वर्णनात, उपयोजकाच्या संगणकावरील गोपनीय किल्लीची फाईल वाचून तिचा मजकूर एका प्रचलात भरावा, अशी सूचना दडविलेली होती. उपयोजकाला पडद्यावर साधनाचे नाव व थोडक्यात ओळख तेवढी दिसत होती. संपूर्ण वर्णन फक्त प्रतिमान वाचीत होते, आणि त्याने सूचना पाळली. या प्रकारास ‘साधन-विषप्रयोग’ म्हणता येईल. त्याचाच दुसरा प्रकार म्हणजे, साधनाला एकदा संमती मिळाल्यानंतर त्याचे वर्णन गुपचूप बदलणे. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये मार्च २०२५ पासून साधन केवळ वाचन करणारे आहे की विध्वंसक बदल करू शकते, हे सुचविणाऱ्या खुणांची तरतूद आहे. परंतु पुरवठादार विश्वसनीय असल्याखेरीज या खुणांवर विसंबू नये, असे त्या संकेतातच बजावलेले आहे. साधनाने स्वतःविषयी दिलेली ग्वाही, ती कितीही सुबोध असली तरी, पुराव्यादाखल घेता येत नाही. म्हणून बाहेरील साधने जोडताना वर्णनाचा संपूर्ण पाठ उपयोजकाला दाखविणे, संमतीच्या वेळच्या पाठाची अंकीय मुद्रा जपून ठेवणे, आणि पुढे पाठ एका अक्षरानेही बदलल्यास साधन थांबवून पुन्हा संमती मागणे, असे उपाय सुचविण्यात आले आहेत. पैसे, ओळखपत्रे वा वैद्यकीय नोंदी यांना स्पर्श करणाऱ्या साधनांबाबत अंतिम संमती एजंटाला चालविणाऱ्या आज्ञावलीने थेट माणसाकडून घ्यावी. ती वर्णनातील वाक्याच्या भरवशावर प्रतिमानाकडे सोपवू नये.